सोलापूरच्या आसपास भीमा-सीनेच्या काठाने करता येतील अशा सोप्या पायी फेऱ्या (चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

सीनाकाठ

गेल्या चार हिवाळ्यांपासून मी आणि माझे यजमान सोलापूरच्या आसपास नदीकाठाने पायी फिरतो आहोत. यजमानांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी चढ-उतार टाळून रोज चालायला सांगितले. कॉलनीतल्या त्याच त्या रस्त्यावर फेऱ्या घालून कंटाळा आला, तेव्हा एका रविवारी आम्ही माचणूरला गेलो आणि तेव्हापासून हा क्रम सुरू झाला. सोलापूरला डोंगर नाही, घाट नाही, म्हणून फिरायला जागा नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. भीमेचे खोरे सपाट आहे म्हणूनच तिथे साठी उलटलेल्या माणसाला दोन तास चालता येते आणि चालताना मान वर करून पाहताही येते, हे मला या चार वर्षांत कळले. आमच्या तीन फेऱ्या इथे लिहीत आहे. इतरांनी आपापल्या भागातल्या वाटा जोडाव्यात.

सर्वांत आधी माचणूर. सोलापूर-मंगळवेढा रस्त्याने तिऱ्ह्याजवळ सीना ओलांडायची, कामती मागे टाकायची आणि बेगमपूरला भीमेच्या पुलावर आलो की समोरच्या काठावर माचणूर दिसते. सोलापूरपासून हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. सिद्धेश्वराचे मंदिर नदीच्या अगदी कडेला आहे आणि तिथून दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. शेजारी किल्ल्याचे अवशेष आहेत. दक्षिणेत उतरलेल्या औरंगजेबाची छावणी १६९५ नंतर काही वर्षे इथे, ब्रह्मपुरीला होती. एवढ्या मोठ्या लवाजम्याला बारमाही पाणी लागत असणार, आणि ते पाणी आजही समोर दिसते, त्यामुळे हा इतिहास इथे उभे राहिल्यावर पटकन समजतो. पायऱ्यांवर थोडे टेकून आम्ही ब्रह्मपुरीच्या बाजूने गाडीवाटेने निघतो. एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला ऊस किंवा ज्वारी असते. वाट सपाट आहे आणि एका ठिकाणी ओढ्याचा छोटा उतार सोडला तर काठीचीही गरज लागत नाही. सावकाश जाऊन-येऊन दीड तास लागतो. आम्ही सकाळी सातला पोहोचतो, कारण हिवाळ्यात त्या वेळी पाण्यावर धुक्याचा पातळ थर असतो आणि पलीकडचे बेगमपूर त्यातून हळूहळू वर येते. हे दृश्य मी कितीही वेळा पाहिले तरी मला पुरेसे वाटत नाही.

दुसरी फेरी हत्तरसंग कुडलची. विजापूर रस्त्याने वडकबाळचा सीनेवरचा पूल ओलांडून पुढे गेल्यावर डावीकडे आत वळावे लागते. इथे सीना भीमेला मिळते आणि पलीकडचा काठ कर्नाटकाचा आहे. संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही दोन प्राचीन मंदिरे संगमावर आहेत. हरिहरेश्वराच्या परिसरात १९९९ साली उत्खननात सापडलेले बहुमुखी शिवलिंग आहे, ज्याच्यावर ३५९ मुखे कोरलेली आहेत. संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते आणि तो सोलापूरचेच अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी वाचणाऱ्याचे भले चिंतून ठेवले आहे, हे आठवून मी दर वेळी त्या तुळईखाली थोडी थांबते. मंदिरे पाहून झाल्यावर सीनेच्या काठाने वरच्या अंगाला चालत जावे. दोन नद्यांच्या पाण्याचा रंग पावसाळ्यानंतर काही आठवडे वेगळा दिसतो आणि संगमाच्या पुढे बरेच अंतर ती सरमिसळ होताना पाहता येते.

तिसरी जागा घराजवळची आहे. तिऱ्ह्याच्या आसपास सीनेकाठी एक पाणंद, म्हणजे शेतांमधली वाट आहे आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी तेवढीच फेरी आम्हाला पुरते. पाहण्यासारखे विशेष काही नाही. बाभळी, पाणकणसे आणि बगळे आहेत, आणि शहरापासून अर्ध्या तासात शांतता मिळते.

काळ म्हणाल तर दिवाळी ते महाशिवरात्र. त्यानंतर ऊन चढते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या पुढे गेला की नदीकाठीही थारा नसतो. सोबत पाणी, टोपी, कडक भाकरी आणि शेंगा चटणी. कडक भाकरी पिशवीत मोडत नाही, वास घेत नाही आणि दोन दिवस टिकते, म्हणून चालणाऱ्यासाठी तिच्याइतके सोयीचे अन्न मला दुसरे माहीत नाही.

गोपाळपूरची वाट

काकू, फार नेटके लिहिले आहे. मी पंढरपूरचा असल्यामुळे आमच्याकडची एक फेरी जोडतो.

पंढरपुरात येणारे बहुतेक लोक दर्शन घेऊन परततात आणि नदी फक्त स्नानापुरती पाहतात. खरे तर भीमा इथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, आणि ते वळण पायी चालल्याशिवाय कळत नाही. घाटावरून वाळवंटात उतरावे, पुंडलिकाच्या मंदिरावरून नदीच्या ओघाच्या दिशेने, म्हणजे दक्षिणेकडे निघावे. पाणी कमी असेल तर वाळवंटातून, नसेल तर काठावरच्या रस्त्याने जाता येते. अर्ध्या-पाऊण तासात विष्णुपद येते. नदीच्या पात्रात दगडी खांबांचा मंडप आहे, आत शिळेवर कृष्णाची आणि गाईंची पावले दाखवतात. मार्गशीर्षात विठ्ठल इथे मुक्कामाला येतो अशी श्रद्धा आहे, त्यामुळे त्या महिन्यात पंढरपूरची कुटुंबेच्या कुटुंबे डबे घेऊन वनभोजनाला इथे येतात. माझ्या लहानपणी आजीचे बोट धरून मी हीच वाट चाललो आहे आणि आता माझी मुलगी माझे बोट धरून चालते. तिथून गोपाळपूर जवळच आहे. टेकाडावर गोपाळकृष्णाचे मंदिर आहे आणि जनाबाईची आठवण सांगणारी जागा आहे. पायऱ्या आहेत, पण थोड्या. तुमच्या यजमानांनी कठड्याला धरून सावकाश चढावे.

एकादशीच्या आगेमागे तीन-चार दिवस मात्र ही वाट चालण्याची नाही. कार्तिकी वारी संपून गर्दी ओसरली की मार्गशीर्षात यावे.

घरदार

माझी आई ७२ वर्षांची आहे. तिला गुडघ्याचा त्रास नाही, पण मधुमेह आहे आणि एका दमात एक तासापेक्षा जास्त चालवत नाही. माझ्याकडे चारचाकी आहे. तिला घेऊन जायचे तर पहिली फेरी कोणती करावी? शौचालयाची सोय कुठे आहे आणि बसायला सावली कुठे मिळते, हे कृपया स्पष्ट सांगावे. अशा गोष्टी प्रवासवर्णनात कोणी लिहीत नाही आणि वडीलधाऱ्यांचे जाणे नेमके त्याच कारणाने राहून जाते.

सीनाकाठ

तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. आमचेही पहिल्या वर्षी दोनदा त्यावरूनच अडले होते.

आईंना घेऊन आधी कुडलला जावे, कारण गाडी मंदिरापर्यंत जाते आणि पाहण्यासारखे सगळे पहिल्या दहा मिनिटांत समोर येते. त्या थकल्या तरी सहल वाया जात नाही. मंदिराच्या ओवरीत सावली आणि बसायला दगडी कट्टा आहे. काठाने वीस मिनिटे जाऊन परत वळावे. माचणूरला पायऱ्या उतरण्याचा मोह होतो, त्या ओल्या असतील तर आईंना वरच थांबवावे. शौचालयासाठी वाटेत महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर थांबून घ्यावे आणि मगच आत वळावे. नदीकाठी कसलीही खात्री धरू नये. पाणंदेच्या फेरीत तर काहीच सोय नाही, म्हणून ती आईंसाठी सुचवत नाही.

मधुमेह असल्यामुळे निघण्यापूर्वी काहीतरी खाऊ घालावे आणि खिशात गूळ-शेंगदाण्याचा लाडू ठेवावा. पायात बंद बूट असावेत. बाभळीचा काटा चपलेच्या तळातून वर येतो आणि मधुमेहाच्या रुग्णाला पायाची जखम परवडत नाही.

पाटकरी

मी पाटबंधाऱ्याच्या कामात अनेक वर्षे घालवली आहेत. या धाग्यावर एक गोष्ट अजून आलेली नाही आणि ती आल्याशिवाय कोणी लहान मुले किंवा वृद्ध यांना घेऊन पात्रात उतरू नये, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या भागातली भीमा आकाशाकडे पाहून वागत नाही, उजनीकडे पाहून वागते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, आणि खालच्या नदीला पाणी किती हे धरणातून किती सोडले यावर ठरते. सोलापूर शहराला पाणी मिळण्याचा एक मार्ग असा आहे की उजनीतून भीमेत पाणी सोडायचे, ते वाहत येऊन औज बंधारा भरायचा आणि टाकळीहून ते उचलायचे. त्यामुळे फेब्रुवारीत किंवा एप्रिलमध्ये, कोरडे ठणठणीत ऊन असताना आणि पावसाचा टिपूसही नसताना, माचणूरला किंवा पंढरपूरला नदीचे पाणी चढू शकते. सकाळी ज्या वाळूवरून तुम्ही पलीकडच्या खडकावर गेलात ती वाळू दुपारी पाण्याखाली गेलेली असू शकते. वारीच्या वेळी स्नानासाठी पाणी सोडतात तेव्हाही असेच होते. नदीत पाणी सोडण्याची बातमी स्थानिक वृत्तपत्रांत येते, ती फिरायला निघण्याआधी वाचावी.

पावसाळ्यात याच्या उलट गंमत होते असे लोकांना वाटते, पण तो धोक्याचा भाग आहे. सोलापुरात पाऊस नसतो, पण पुण्याकडची धरणे भरून उजनीत पाणी येते आणि उजनीतून विसर्ग सुरू होतो. शिवाय नीरा नदी भीमेला नरसिंहपूरजवळ मिळते, म्हणजे उजनीच्या खाली. त्यामुळे वीर धरणातून नीरेत सोडलेले पाणी उजनीला न विचारता थेट पंढरपूरकडे येते. दोन्हीकडून एकाच वेळी पाणी आले की काठ सोडून गावाकडे सरकावे लागते. सीनेचेही तसेच आहे. तिला भीमा-सीना जोडकालव्यातून पाणी मिळते आणि वरच्या भागात, नगर-धाराशिवकडे पाऊस झाला की ती अचानक फुगते. २०२५ च्या सप्टेंबरातला सीनेचा पूर आपण सर्वांनी पाहिला आहे.

आणखी एक गोष्ट कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची. पावसाळा संपला की बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या घालून पाणी अडवतात आणि मग वरच्या अंगाला नदी तलावासारखी स्थिर होते. ते पाणी संथ दिसते, पण खोल असते. बर्गे काढलेले असताना त्याच बंधाऱ्याखाली पाण्याला जोराची ओढ असते. बंधाऱ्यावरून चालत पलीकडे जाण्याची गावकऱ्यांची सवय असते. त्यांना कोणता दगड कसा आहे हे माहीत असते. आपण पाहुण्यांनी ते करू नये.

सीनाकाठ

पाटकरी काका, हे मी पहिल्याच लेखात लिहायला हवे होते, आपण लिहिलेत त्याबद्दल आभारी आहे. माझ्या अनुभवाचीही भर घालते. माचणूरला एकदा जानेवारीत आम्ही खडकावर डबा ठेवून बसलो होतो. तासाभरात त्या खडकाभोवती पाणी आले. एका गुराख्याने काठावरून हाका मारल्या म्हणून आम्ही वेळेत उठलो. त्या दिवशी आभाळात ढगही नव्हता, आणि असे का झाले याचे नीट उत्तर मला आज मिळाले.

पुराबद्दलही लिहायला हवे. त्या पुरानंतर तिऱ्ह्याकडची आमची पाणंद तशी राहिली नाही. काठ दोन ठिकाणी ढासळला आहे, बाभळीच्या फांद्यांत डोक्याच्याही वर प्लॅस्टिक आणि उसाचा पाचोळा अडकलेला आहे, आणि काही शेतांत मातीच उरलेली नाही. तिथून चालताना मन जड होते. कडेला उभे राहून छायाचित्रे काढू नयेत, कारण वरून शाबूत दिसणारा काठ खालून पोकळ असू शकतो.

मालदांडी

मी मंगळवेढ्याकडचा शेतकरी आहे. फिरायला येणाऱ्या मंडळींबद्दल आमची तक्रार नाही, उलट शहरातला माणूस शिवारात आला तर बरे वाटते. पण काही गोष्टी आमच्या बाजूने सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट वाटेची. पाणंद आणि शिवरस्ता सगळ्यांचा असतो, पण बांध कोणाचा तरी असतो. पेरणी झालेल्या काळ्या रानात पाऊल पडले की तिथली माती दबते आणि तेवढे रोप मागे राहते. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते आणि त्यानंतर तिला बहुधा जमिनीतल्या ओलीवरच वाढायचे असते, म्हणून आम्हाला त्या ओलीची फार जपणूक असते. वाट विचारायची असेल तर शेतात जो असेल त्याला "अण्णा, इकडून जाऊ का?" एवढे विचारले तरी पुरे. नाही कोणी म्हणत नाही, बहुतेक वेळा तो स्वतः काही अंतर सोबत येतो.

दुसरी गोष्ट मोटारीच्या वायरींची. नदीकाठी प्रत्येक शेतकऱ्याची पाण्याची मोटार असते आणि तिची केबल गवतातून, कधी पाण्यातून गेलेली असते. जोड उघडे असतात. पाण्यात उतरताना, विशेषतः मुलांना सोबत घेऊन, आजूबाजूला मोटार दिसते का हे आधी पाहावे. पात्रात वाळू उपसल्याचे खड्डे आहेत, ते पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाणी पाहून माणूस पुढे पाऊल टाकतो आणि एकदम डोक्यावर पाणी येते. आमच्या भागात असे बुडालेले आहेत.

तिसरी गोष्ट हुरड्याच्या दिवसांची. डिसेंबर-जानेवारीत कणसात दाणा भरतो तेव्हा पाखरे हाकायला माणूस माळ्यावर उभा असतो आणि त्याच्या हातात गोफण असते. ज्वारी माणसाच्या उंचीच्या वर गेलेली असते, त्याला तुम्ही दिसत नाही. त्या दिवसांत ज्वारीच्या कडेने चालताना मोठ्याने बोलत चालावे किंवा हाक द्यावी.

पाऊस पडून गेला असेल तर मात्र दोन दिवस थांबा. आमची काळी माती ओली झाली की चपलेला धरते, प्रत्येक पावलाला तिचा गोळा वाढत जातो आणि शंभर पावलांत पाय उचलेनासा होतो. याच मातीमुळे मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिच्यावर रागावू नये.

खंड्या

पक्ष्यांबद्दल थोडक्यात लिहितो. नदीकाठी सकाळी पहिल्या दोन तासांत जेवढे दिसते तेवढे नंतर दिवसभरात दिसत नाही. खंड्या, शराटी, चित्रबलाक आणि नदी सुरय हे नेहमीचे आहेत. थंडीत चक्रवाक जोडीने येतात आणि त्यांचा केशरी रंग वाळूवर दुरूनही ओळखू येतो. पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले रानहंस) पाहायचे असतील तर हिप्परग्याचा तलाव आणि उजनीचा फुगवटा या दोन जागा बऱ्या. उजनीच्या उथळ पाण्यात रोहितही (फ्लेमिंगो) उतरतात, मात्र तिथला काठ चिखलाचा असतो, तो चालण्यासाठी नाही. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर जवळच जमिनीवर तिची अंडी आहेत असे समजून वाट बदलावी. ती खड्यांत खड्यांसारखीच दिसतात आणि पायाखाली सहज येतात.

घरदार

गेल्या रविवारी आईला घेऊन कुडलला जाऊन आलो, म्हणून लिहितो.

पाटकरी काकांच्या सांगण्याप्रमाणे आदल्या दिवशी वर्तमानपत्र पाहिले, पाणी सोडल्याची बातमी नव्हती. सातला निघालो, पंपावर थांबलो, पावणेनऊला मंदिरात होतो. आईचे माहेर पलीकडचे, इंडी तालुक्यातले. ती सोलापुरात पन्नास वर्षे राहिली, पण भीमेच्या या काठावरून तिने आपले माहेर कधी पाहिलेले नव्हते. "कुडल म्हणजेच संगम," ती म्हणाली, "आणि हत्तिर म्हणजे जवळ. हे नाव आमच्या कन्नडातलेच आहे, तुम्ही सगळे इतकी वर्षे नुसते म्हणत आलात." मग ती तुळईखाली उभी राहिली आणि अक्षरे वाचण्याचा प्रयत्न करू लागली. जुनी अक्षरे तिला लागली नाहीत, पण शेजारी उभ्या असलेल्या पुजाऱ्याने ओळ म्हणून दाखवली आणि तिने ती तीनदा म्हणवून घेतली.

सीनेच्या काठाने आम्ही वीस मिनिटांचे ठरवले होते, ती चाळीस मिनिटे चालली. मध्ये एका शेतकऱ्याला विचारले तेव्हा त्याने आम्हाला त्याच्या लिंबाखाली बसवले आणि कन्नडमध्ये आईशी बोलत राहिला. त्याच्या मावशीचे गाव आईच्या गावापासून चार कोसांवर निघाले. परत येताना आईने गाडीत विचारले की माचणूरच्या पायऱ्या नेमक्या किती आहेत. काकू, तुम्ही मोजल्या असतील तर सांगा.

सीनाकाठ

मोजलेल्या नाहीत, पण पुढच्या रविवारी आम्ही जाणारच आहोत, तेव्हा मोजून इथे लिहिते. तुम्हीही या. यजमान वरच्या पायरीवरच बसतात, आईंना सोबत होईल. भाकरी माझ्याकडून.